उपाशीपोटी न चालणारी विभूती

दर गुरुवारी तळेगावात काठ्या टेकत आलेली माणसं तिथं मुक्काम ठोकलेल्या एका बाबाच्या धुनीतली चिमूटभर राख खायची आणि तासाभरात काठ्या तिथंच टाकून चालू लागायची. त्या काठ्यांचा ढीग माझ्या डोक्याइतका उंच झाला होता. मी गावचा नावाजलेला थापाड्या, तेव्हा कमरेएवढा धरा.

"तुमचं दुखणं म्या वढून घेतो, लेकरांनो," बाबा कण्हत सांगायचा. "फक्त रिकाम्या पोटी खाऊ नका. माहा देव भरल्या पोटीच पावते."

आमची कारभारीण अनुसयाबाई जन्मभर कापूस वेचून गुडघ्यांनी अधू झाली होती. बाबानं दिलेल्या पुडीतली राख दोन महिने रोज खाऊन, काठी त्या ढिगात टाकून ती तुरुतुरु चालू लागली. मीही हात जोडले. एकादशीला मात्र तिनं उपास धरला, तशीच राख घेतली आणि दुपारी काळंकुट्ट ओकली.

मी बाबाकडे धावलो. "उपाशी खाल्ली न तिनं? देव कोपला," म्हणत त्यानं जांभई दिली.

घरी आरोग्य केंद्रातली मयुरी सिस्टर अँब्युलन्स बोलावून नाडी धरून बसली होती. मी देवाचा कोप सांगितला.

"काकाजी, उपाशीपोटी कोपते तो देव नाई, राखेत घातलेली गोळी आहे. दुखणं न सूज मारणारी. मीबी पेशंटले हेच सांगते, जेवून घेजा. काकू रोज खात होत्या?"

"दोन महिने."

"मंग पोटात जखम झाली. हे रक्त आहे."

दवाखान्यात रक्त चढवलं, म्हातारी वाचली.

पुढच्या गुरुवारी बिडी पेटवायच्या निमित्तानं मी भर गर्दीत धुनी उकरली. राखेखालून चंदेरी पन्न्या निघाल्या, गोळ्यांच्या पाकिटांच्या. बाबाच्या झोळीत हात घातला, तर मिक्सरचं भांडं, पांढऱ्या भुकटीनं माखलेलं.

"देवाचा वर्ख आहे," बाबा म्हणाला.

गर्दीतल्या रूपरावानं एक अर्धवट जळालेली पन्नी डोळ्यांजवळ नेली. "मंग वर्खावर एक्सपायरी डेट काऊन छापली, महाराज?"

सत्तर वर्षं मी थापा मारतो. माझा बैल बोरीवर चढला होता, हे अर्ध्या तालुक्याला ठाऊक आहे. पण ते ऐकून कुणी रक्त ओकलं नाही. किळस येते ती या बाबाची. गोळीचा दोष नाही. डॉक्टर ती वय, पोट, किडनी पाहून मोजून देतो. हा नालायक ती राखेत लपवून, जांभई देत चारत होता. तेव्हा कुणाच्याही हातचं औषध तोंडात टाकण्याआधी विचारा, यात काय आहे? जो सांगत नाही, त्याच्या पाया पडू नका.

अनुसयाबाई आता हळूहळू चालते. त्या ढिगातून तिची काठी मीच शोधून आणली.