लिफ्टच्या खड्ड्यातलं पाणी

परळच्या पिंपळवाल्या चाळीत त्या सप्टेंबरात अकरा जणांना डेंग्यू झाला. त्यातला सव्वीस वर्षांचा निलेश दवाखान्यातून परत आलाच नाही. अकरावी अनुजा, सातवा महिना लागलेली. तिला ॲडमिट केलं त्या सकाळी संघमित्राने चाळीतलं शेवटचं पिंप स्वतःच्या हाताने उपडं केलं. आत एकही अळी नव्हती.

संघमित्रा आरोग्य सेविका. राहायला त्याच चाळीत. एकोणीस वर्षं ती घरोघरी फिरून पिंपं, फ्रिजमागचे ट्रे, कुंड्यांखालच्या ताटल्या तपासत आली होती. तिच्या धाकाने बायका दर रविवारी पिंपं घासून उन्हात ठेवत. "आली डासांची फौजदारीण," असं म्हणून हसत, पण ठेवत.

तेवढ्यात सुपरवायझर राजाराम तावडेंचा फोन आला.

"रिपोर्ट आजच पाहिजे, बाई. डासांची पैदास कुठे, तर चाळीतली पिंपं. एवढं लिहा नि मोकळ्या व्हा."

"पिंपांत अळी नाहीये, साहेब."

"अहो, चाळ आहे ती. कुठेतरी असणारच."

संघमित्राच्या तळपायाची आग मस्तकात गेली. फोन ठेवून तिने वहीत चाळीचा नकाशा काढला आणि आजारी माणसांच्या खोल्यांवर फुल्या मारल्या. अकरातल्या नऊ फुल्या मागच्या गॅलरीत पडल्या. त्या गॅलरीसमोर जुन्या मिलच्या जागेवर टॉवरची दुसरी विंग उभी होती. दीड वर्षं काम बंद, नुसता सिमेंटचा सांगाडा. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, शे-दोनशे मीटरच्या पलीकडे सहसा जात नाही, आणि त्याला गटार नको, स्वच्छ साचलेलं पाणी लागतं. जूनपासून चार वेळा ती त्या गेटवर गेली होती. चारही वेळा "परमिशन आणा" म्हणून परत पाठवलं. परमिशन तावडेंकडे मागितली की ते म्हणायचे, "मोठी माणसं आहेत, बघू."

आज तिने बघू-बिघू काही केलं नाही. टॉर्च, पाणी काढायची लांब दांड्याची पांढरी पळी आणि काचेची बरणी पिशवीत टाकली आणि जिना उतरली. खाली दाराशी अनुजाची आजेसासू बसली होती. गंगुबाई, वय चौऱ्याहत्तर.

"खंय चललंस गो?"

"समोरच्या साईटवर, आजी."

म्हातारीने चपला पायात सरकवल्या. "थांब, मी येतंय."

"तुम्ही कशाला?"

"माझी नातसून सलाइनवर आसा, नि मी हयसर बसान काय करू?"

गेटवर शिवा नावाचा वॉचमन होता. भर उन्हात अंगात स्वेटर. काठीचा आधार घेत तो उठला. "बाई, रोज रोज काय? सांगितलं ना, साहेबांची ऑर्डर नाय."

"बावीस वर्सां मी ह्याच गेटातसून कामाक गेलंय," गंगुबाई म्हणाल्या. "तेव्हा तुझो सायब जन्माक तरी इल्लो काय?"

संघमित्रा मात्र त्याच्याकडेच बघत होती. तिने पुढे होऊन त्याच्या कपाळाला हात लावला. चटका बसला.

"किती दिवस?"

"तिसरा," शिवाचा आवाज उतरला. "डोळ्यांच्या मागे ठणकतंय."

"झोपतोस कुठे?"

"इथंच, आत. माझ्यासोबत दोघं होते, ते तापातच गावाला गेले. मला रजा देत नाहीत."

"रजा गेली खड्ड्यात. आत्ताच्या आत्ता जाऊन रक्त तपासून घे. आणि मला सांग, पाणी कुठे आहे?"

शिवाने मागे ऑफिसच्या खिडकीकडे पाहिलं. मग गेटची साखळी काढली. "बेसमेंटला. लिफ्टच्या खड्ड्यांत."

खाली काळोख होता. टॉर्च मारला तर चार चौकोनी खड्डे कमरेएवढ्या नितळ पाण्याने भरलेले. पळीची सावली पडताच पाण्यावरच्या अळ्या वळवळत तळाला गेल्या. संघमित्रा श्वास रोखून थांबली. त्या पुन्हा वर आल्या तेव्हा तिने कडेने पळी बुडवली. पांढऱ्या पळीत भात शिजावा तसं पाणी हलत होतं. गंगुबाईंच्या मनगटावर एक डास बसला, काळा, पायांवर पांढरे पट्टे. त्यांनी फाडकन मारला.

"ह्योच काय तो?"

"हाच."

बरणीचं झाकण लावते न लावते तोच साईट मॅनेजर हेरंब दोन माणसं घेऊन धावत आला. "कोणी सोडलं यांना आत? प्रायव्हेट प्रॉपर्टी आहे ही! ती बाटली इथे ठेवा."

"नाही ठेवणार."

"अहो, डेंग्यू तुमच्या चाळीतून आमच्याकडे येतो. सगळ्यांना माहितीये."

"हा डास मुळात या देशाचाच नाही," संघमित्रा म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण रिकाम्या बेसमेंटात घुमला. "कधीकाळी जहाजातून आला आणि पाणी मिळेल तिथे राहिला. त्याला चाळ कळत नाही नि टॉवर कळत नाही. पाणी कळतं. आणि हे पाणी तुमचं आहे."

हेरंबने बरणीकडे हात नेला. गंगुबाई मध्ये उभ्या राहिल्या. "लाव बघू हात."

"फोटो वर पाठवून झालेत," संघमित्राने ठोकून दिलं. बेसमेंटात रेंजच नव्हती, पण ते त्या घाबरलेल्या माणसाला सुचलं नाही. तो बाजूला झाला.

ती तावडेंकडे गेलीच नाही. थेट वॉर्ड ऑफिसात मोठ्या अधिकारी बाईंच्या टेबलावर बरणी ठेवली. मागून तावडे आले, लालबुंद. "मला न विचारता?"

"चार वेळा विचारलं, साहेब. तारखा लिहून ठेवल्यात." तिने वही उघडून समोर धरली.

बाईंनी तारखा वाचल्या, बरणी उजेडात धरली आणि फोन उचलला. दुसऱ्या दिवशी दुपारी साईटवर पंप लागले, बिल्डरला नोटीस गेली. चाळीत त्यानंतर आणखी दोघं आजारी पडले, त्यांना आधीच डसून झालं होतं. मग थांबलं. अनुजाच्या प्लेटलेट्स अठरा हजारांवर उतरल्या होत्या. पाच दिवस तिच्या नवऱ्याने, सुशांतने, दवाखान्याच्या बाकावर काढले. सहाव्या दिवशी आकडा चढला. ती घरी आली आणि पोटातलं पोरही लाथा मारत आलं.

आठवड्याने संघमित्राच्या हातात मेमो पडला. विनापरवाना प्रवेश, वरिष्ठांना डावललं, तीन दिवसांत खुलासा द्या. सोबतच्या सेविका म्हणाल्या, माफी माग नि मिटव. तिने लिहिलं:

"होय, मी गेले. वॉचमन तापाने फणफणला होता, त्याला जबाबदार धरू नये. शेजारी माणसं मरत असताना परवानगीची वाट बघत बसणं माझ्या कामात बसत नाही. पुढच्या वेळीही जाईन."

शेजारच्या कांताने वाचलं आणि कपाळाला हात लावला. "शेवटची ओळ खोड गं बाई."

"बाकीचं सगळं खोडेन एक वेळ," संघमित्रा म्हणाली. "ती नाही."

महिन्याभरात बदलीचा कागद आला, शीव कोळीवाडा. नव्या ठिकाणी पहिल्या सकाळी पिशवी खांद्याला लावून ती निघाली आणि नाक्यावरच्या चहावाल्याला विचारलं, "दादा, इकडे काम बंद पडलेल्या बिल्डिंगा कुठे आहेत?"