खुर्चीला मत नाही

मी एक जुनी सतरंजी आहे. पण मित्रांनो, मला साधीसुधी समजू नका. मराठवाड्यातल्या तमाम कष्टकरी शेतकऱ्यांचे भवितव्य माझ्यावर घडलेले आहे. निदान भाषणात तसे सांगत असत. प्रत्यक्षात माझ्यावर जे घडले त्यात पेंगणे, तंबाखू मळणे आणि पुढच्याच्या पाठीआड लपून बसणे यांचा वाटा मोठा होता.

माझा रंग निळा, त्यावर लाल पट्टे. वाटूरच्या बाजूला आमचे गाव. तिथे शेतकरी हक्क संघटना निघाली तेव्हा तिच्याजवळ ना कचेरी होती, ना झेंडा. घरटी ज्वारी गोळा झाली, ती विकून जालन्याच्या बाजारातून मला आणले. म्हणजे संघटनेची सगळी स्थावर-जंगम मालमत्ता मीच. ज्वारी बायकांच्या सुपातून आली होती, पण बायका माझ्यावर बसत नसत. त्या कडेला उभ्या राहत. बहुतेकदा तेही नाही, कारण सभा चालू असताना रानात कुणीतरी लागतेच.

पहिल्याच सभेला बाहेरगावचे पुढारी जीपमधून आले. त्यांनी खुर्च्या मागवल्या, बसल्या जागेवरून हात वर केले आणि ठराव हवा तसा करून घेतला. ते गेल्यावर संस्थापक कडूबा उठले आणि म्हणाले, "पाव्हण्याला खुर्ची द्या, चहा द्या. मत देऊ नका. जो खाली बसंल, त्याचाच हात मोजायचा."

तेव्हापासून हाच संघटनेचा कायदा. तुझी जात कोणती, जमीन किती, काही विचारायचे नाही. सतरंजीवर आहेस ना, मग तू सभासद. अध्यक्ष सर्जेराव अण्णांचा या कायद्यावर भारी जीव. प्रत्येक भाषणाच्या शेवटी ते गरजत, "आमच्या संघटनेत खुर्चीला मत न्हाई, सतरंजीला हाय!" टाळ्या ठरलेल्या.

पुढे घरोघर ज्वारी मागत फिरायचा सगळ्यांना कंटाळा आला. त्याच सुमारास फवारणीचे औषध विकणारी एक कंपनी संघटनेच्या प्रेमात पडली. तिने कचेरी दिली, कचेरीला पंखा दिला आणि पाठीवर स्वतःचे नाव छापलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या दिल्या. सभासद एकेक करून माझ्यावरून उठले. गुडघे दुखतात, असे पंचविशीतली पोरेही सांगू लागली. माझ्यावर उरले एकटे म्हातारे कडूबा. मधल्या काळात कचेरीतली मांजर माझ्यावर व्याली. तिच्या पिल्लांची मते मात्र कुणी मोजली नाहीत.

कंपनीचे ते औषध कपाशीवर मारत. आज फवारणी, उद्या त्याच कपाशीत बायका वेचणीला. भीमनगरातल्या बेबीनंदाच्या हातांची कातडी सोलून निघाली. भाकरी थापायची तर पीठसुद्धा झोंबायचे. ती कचेरीच्या दारात येऊन अण्णांना म्हणाली, "अण्णा, फवारल्यावर धा दिस तरी आम्हाला रानात धाडू नका. हे हात बघा."

"संघटनेत मांड," अण्णा म्हणाले.

"म्या कुठं हाय तुमच्या संघटनेत?"

"मंग कसं जमंल, बाई?"

मी कोपऱ्यात घडी होऊन पडले होते. घडी घातलेल्या सतरंजीला बोलता येत नाही. उलगडलेलीलाही येत नाही, पण तिचा उपयोग होतो.

तशात सरकार हे औषध बंद करणार अशी कुणकुण लागली. कंपनीचे साहेब धावत आले. त्यांना संघटनेचा ठराव हवा होता, की आम्हा शेतकऱ्यांना हेच औषध पाहिजे. शिवाय फोटो हवा होता, तोही सतरंजीवर बसलेल्या शेतकऱ्यांचा. कारण खुर्च्यांच्या पाठीवर नाव असल्यामुळे, कसाही काढला तरी फोटोत कंपनीच बसलेली दिसायची.

मला शाळेच्या मैदानात अंथरले. अण्णा म्हणाले, "चला, जरा खाली बसा बरं."

"अण्णा, पँट पांढरी हाय," शिवाजी म्हणाला. तो संघटनेचा सरचिटणीस. "तुम्हीच बसा की."

अण्णांचीही पांढरी होती. शेवटी त्यांनी स्वतःच्या रानात पिकअप धाडली आणि कापूस वेचणाऱ्या बायका भरून आणल्या.

"कशाला आणलं गं आपल्याला?" त्यांतल्या चांगुणाबाईंनी विचारले.

"खाली बसायला. आजचा रोज भेटणार हाय," बेबीनंदा म्हणाली.

"बसायचा रोज? आन मी येडी जलमभर वाकून राह्यले!"

बायका माझ्यावर ऐसपैस बसल्या. कितीतरी वर्षांनी माझे चारही कोपरे दबले. फोटो झाला, व्हिडिओ सुरू झाला. अण्णांनी साहेबांना हात करून दाखवले, "हे समदे आमचे खंदे सभासद!" मग भाषण केले आणि सवयीने शेवटही केला, "खुर्चीला मत न्हाई, सतरंजीला हाय!" बायकांनीच टाळ्या वाजवल्या.

"आता ठराव मंजूर असंल त्यांनी हात वर करा."

सगळ्या खुर्च्यांचे हात वर गेले. हात मोजायचे काम पहिल्यापासून कडूबांचे. ते माझ्यावरून सावकाश उठले.

"खुर्चीचे हात खाली घ्या," ते म्हणाले. "सतरंजीवर एक बी हात न्हाई. ठराव पडला."

"कडूबा, आवं काय करून राह्यले!"

"अण्णा, आत्ताच बोलले ना तुम्ही? त्या मशिनीत बी आलंय."

मशीन साहेबांच्याच हातात होते. पांढऱ्या पँटसकट शिवाजी माझ्याकडे धावला. मागोमाग आणखी काही धावले. पण बूड टेकायला जागा नव्हती. "पाव्हणं, तिकडं खुर्ची हाय," चांगुणाबाई म्हणाल्या.

मग बेबीनंदा उभी राहिली. "बाबा, मला बी एक ठराव मांडायचाय. फवारल्यावर धा दिस त्या रानात कुणी वेचायला जायचं न्हाई. मालकानं बोलावलं तरी न्हाई."

आणि मित्रांनो, माझ्यावरचे सगळे हात वर गेले! सोललेले, भेगाळलेले, बोंडांनी ओरखडलेले हात. इतके हात मी एकत्र कधी पाहिले नव्हते.

"मंजूर!" कडूबा ओरडले. चांगुणाबाईंना आता चव लागली होती. "बाबा, अध्यक्ष बी आत्ताच बदला. परत पिकअप कोण धाडंल?" पुन्हा हात वर गेले. बेबीनंदा अध्यक्ष झाली. समारोपाला बोलावलेली हलगी वाजली, अण्णांसाठी आणलेला हार बेबीनंदाच्या गळ्यात पडला, आणि त्यांच्यासाठीच आणलेला गुलाल माझ्या अंगावर सांडला. तो अजून गेलेला नाही. जाऊ नये, अशी माझी इच्छा आहे. साहेबांनी खुर्च्या परत न्यायची भाषा केली, तेव्हा नव्या अध्यक्षांनी सांगितले, "राहू द्या. पाव्हण्यांना लागतील."

मित्रांनो, आपापल्या गावची सतरंजी जपा. तिला उंदरांपासून आणि ओलीपासून सांभाळा. मुख्य म्हणजे अधूनमधून तिच्यावर बसा. मोकळी सतरंजी कुणी ना कुणी भरतोच, आणि दर वेळी तुमचे नशीब इतके चांगले असेल असे नाही.

सभा संपली. खुर्चीवरची मंडळी चहाला गेली. मला झटकून, घडी घालून कचेरीत नेऊन ठेवले ते नव्या अध्यक्षांनी.