डाव्या कानाचं युद्ध

दुपारी ढबू झोपली की ती युद्ध लावायची. मांडीवर दूध पिऊन गाढ झोपलेली लेक, समोर उशीला टेकवलेला लॅपटॉप आणि एका कानात इअरफोन. एकाच, डाव्या. उजवा कान ढबूसाठी मोकळा. पोरीनं नुसता सुस्कारा टाकला तरी कळायला हवं ना! मूल झाल्यापासून तिनं दोन्ही कानांनी असं काही ऐकलंच नव्हतं, आणि एव्हाना ते इतकं अंगवळणी पडलं होतं की ध्यानातही येत नव्हतं.

बाळंतपणाच्या रजेआधी ती कॉलेजात सिनेमा शिकवायची. रजेत तिचे तास बदलीच्या सरांकडे गेले. आता परत मागायला गेली, तर विभागप्रमुख म्हणाले, ‘‘एक तास घेऊन दाखवा. यंदा अभ्यासक्रमात नव्यानं आलेल्या युद्धपटाचं पहिलं दृश्य मुलांना उलगडून सांगा. मग ठरवू कोणाला ठेवायचं ते.’’ हे प्रमुख पूर्वी सिनेमांचं संकलन करायचे. मुलं त्यांना पाठीमागे ‘कात्री’ म्हणत.

दृश्य लहानसंच. खंदकातून कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवरून, मध्ये कुठेही न तुटता, पुढे सरकत राहतो. चेहरे दिसत नाहीत, नुसते हात. एक हात बटण शिवतोय, एक दाढी करतोय, एक पत्र्याच्या पेल्यात चमचा ढवळतोय. डाव्या कानात चमच्याची किणकिण आणि कुणाचा तरी खोकला. शेवटी शिट्टी वाजते, सगळे हात थांबतात.

‘‘पुन्हा तेच?’’ सासूबाई कपड्यांच्या घड्या घालत म्हणाल्या. ‘‘अगं, ते सैनिक तरी कंटाळले असतील. मारामारी कधी सुरू होते?’’

‘‘तीच तर गंमत आहे, आई. युद्ध ऐकूच येत नाही. म्हणून जास्त भीती वाटते.’’

‘‘मग बरंय. आपल्या घरात त्याहून दणदणाट असतो.’’

तिनं याच मुद्द्यावर सगळी इमारत उभी केली. दिग्दर्शकानं युद्धाचा आवाज लपवला. पेंगुळलेल्या डोळ्यांनी, एका हातानं टिपणं काढली. लेक जागी झाली की वाक्य अर्धवट टाकायचं, झोपली की पुन्हा त्याचं शेपूट शोधायचं.

तासाला वर्ग भरलेला होता. कात्रीसर मागच्या बाकावर हाताची घडी घालून बसले. ती म्हणाली, ‘‘आता कान देऊन ऐका. या दृश्यात एकही गोळी ऐकू येणार नाही.’’ आणि तिनं दृश्य लावलं.

वर्गाची उजवी भिंत हादरली. तोफा धडाडत होत्या. पहिल्या क्षणापासून, थांबायचं नाव नाही. डावीकडे बिचारा चमचा किणकिणत होता.

‘‘मॅडम,’’ खिडकीजवळची एक मुलगी अगदी जपून म्हणाली, ‘‘येतंय की ऐकू.’’

तिनं घाईनं कळ दाबली. दृश्य थांबवलं तरी कानात धडधड चालूच राहिली. हातातोंडाशी आलेला घास आपणच मातीत घातला. आपला उजवा कान इतके दिवस कुठे होता, हे तिला त्या क्षणी कळलं. सारवासारव करायला अंगात त्राणही नव्हतं.

‘‘चुकले मी,’’ ती म्हणाली. ‘‘घरी मांडीवर बाळ असतं. एकाच कानानं ऐकत होते. तोफा सगळ्या दुसऱ्या बाजूला ठेवल्यात, आणि त्या बाजूला मी ढबूला ठेवलं होतं.’’

वर्ग हसला. ते हसणं टोचलं नाही. टिपणं बाजूला सारून ती बाकाच्या कडेवर टेकली.

‘‘चला, आता तुमच्याबरोबर मीही पहिल्यांदाच बघते. आवाज दोन्हीकडचा. पण बघायचे फक्त हात.’’

पुन्हा तोफा. पुन्हा बटण, वस्तरा, चमचा.

‘‘शिवणाऱ्याचा हात थरथरलाच नाही,’’ खिडकीजवळची मुलगी म्हणाली. ‘‘एवढ्या आवाजात सुईसुद्धा चुकली नाही.’’

‘‘शूर असतील,’’ कुणीतरी म्हणालं.

‘‘नाही,’’ बाकाच्या कडेवरून ती हळूच म्हणाली. ‘‘दमलेत. घाबरायलासुद्धा ताकद लागते, आणि ती कधीच संपलीय. म्हणून चेहरे दाखवले नाहीत. चेहरा खोटं बोलू शकला असता.’’

एकदम तिघं-चौघं बोलायला लागले: वस्तऱ्याबद्दल, कॅमेरा वर का जात नाही याबद्दल, शिट्टीबद्दल. घंटा झाली तरी कुणी उठेना.

मुलं गेल्यावर कात्रीसर पुढे आले. ‘‘तुमची मूळ मांडणी साफ चुकली होती.’’

‘‘हो, सर.’’

‘‘बदलीच्या सरांची कधी चुकत नाही. फक्त मुलं झोपतात.’’ ते चष्मा पुसत राहिले. ‘‘पण तयारी कच्ची ती कच्चीच. सगळे तास देता येणार नाहीत. सकाळचे पहिले तेवढे तुम्ही घ्या. ते नाहीतरी कुणाला नकोच असतात.’’

‘‘चालेल,’’ ती म्हणाली. विचार करायच्या आधीच.

जिन्यात येऊन तिनं नवऱ्याला फोन लावला.

‘‘मिळाले?’’

‘‘थोडे. सकाळचे.’’

त्याची सकाळ कशी असते, तिला ठाऊक होतं: गजर बंद करायचा आणि कूस बदलायची.

‘‘म्हणजे ढबूची आंघोळ माझ्याकडे?’’

‘‘आंघोळ, दूध, ढेकर. सगळं.’’

‘‘ढेकर कशी काढतात?’’

ती जिन्याच्या पायरीवर बसली, भिंतीला डोकं टेकवलं आणि त्याला पहिल्यापासून सांगायला लागली.