बिननाडीचे बूट

परदेशातल्या नव्या शाळेत चिमीला पंधरा दिवस झाले होते. खेळाच्या तासाला बाई म्हणायच्या, "जोड्या करा," की तिला वाटायचं, आपल्याला कोणी घेतलंच नाही तर? म्हणून ती खाली बसून बुटाची नाडी बांधत राहायची, आणि शेवटी बाईच तिला कुठेतरी जोडून द्यायच्या.

बाईंनी आईच्या कानावर घातलं, हिची नाडी सारखी सुटते. त्या माउलीने लगेच पट्ट्याचे बूट आणले.

"घे गं बाई, आता वाकायला नको."

"तुला कोणी सांगितलं होतं, आई?" चिमी रडवेली झाली.

दुसऱ्या दिवशी जोड्यांची वेळ आली आणि चिमी सवयीने खाली बसली. पाहते तर शेजारी एक मुलगी घट्ट बांधलेली नाडी सोडून पुन्हा बांधत होती.

"तुझ्या बुटांना नाडीच नाही," ती हळूच म्हणाली.

"तुझी तर बांधलेलीच होती," चिमी तिथल्या भाषेत मोडकंतोडकं बोलली.

दोघींना हसू आवरेना.

"उठा गं दोघी," बाई म्हणाल्या. "तुमचे जोडीदार कुठायत?"

दोघींनी एकमेकींकडे बोट दाखवलं.