भंगारात टाकण्याआधी

लादिस्लाव कुबिचेकने कोंबड्यांच्या उबवणी केंद्रावरच्या खोलीत रेडिओ स्टेशन काढलं, तेव्हा नेब्रास्कातल्या आमच्या डोब्रावा गावाने त्याला वेड्यात काढलं. खाली पिल्लांची चिवचिव, वर याच्या बातम्या! पण मक्याचे भाव, रविवारी पोल्का नाचाची गाणी, दुपारच्या जेवणाआधी गावात वारलेल्या माणसांची नावं, हे त्या बाबाने असं लावून दिलं की गावाचं त्याच्यावाचून पान हलेना. परवाना दिवसाच्या उजेडापुरताच होता. सूर्य मावळला की तो म्हणायचा, "सूर्य गेला, आम्हीही निघालो. गाईंना पाणी दाखवा." मग बास्केटबॉलचा सामना ऐन रंगात असला तरी स्टेशन गप्प. शिव्या खाल्ल्या त्याने, पण नियम मोडला नाही.

त्याच्यामागे लेक आर्लिस त्या खुर्चीत बसली, ती केस पिकले तरी उठली नाही. तापात बसली, नवरा गेला त्या आठवड्यात बसली, आणि त्याचं नाव तिनेच वाचलं, आवाज कापू न देता. बाई असावी तर अशी.

यंदाच्या हिवाळ्यात बर्फाच्या ओझ्याने स्टेशनचा टॉवर शेतात आडवा झाला. आर्लिसने धान्याच्या कोठारावरून तार ताणून गावापुरता आवाज चालू ठेवला. पण नवा टॉवर तिच्या ऐपतीबाहेरचा, आणि ती थकलीही होती. शनिवारी स्टेशन बंद करायचं, असं तिने मनाशी ठरवून टाकलं.

आता पंचाईत अशी, की लादिस्लावचा एक दंडक होता. डोब्रावात कुणालाही काही भंगारात टाकायचं असेल, तर आधी सकाळच्या 'अदलाबदल' कार्यक्रमात सांगायचं, कुणाला हवं असेल तर न्यावं. वस्तूला घर मिळालं की आर्लिस म्हणायची, "वस्तू गेली, फोन करू नका." बापाचा दंडक आपल्याला लागू नाही, असं म्हणणाऱ्यांतली ती नव्हती.

शुक्रवारी तिने एक शिवणयंत्र आणि दोन बोकड सांगितले, मग त्याच सुरात म्हणाली, "एक रेडिओ स्टेशन. टॉवर तुटलेला. बदल्यात काहीही चालेल. नाहीतर उद्या भंगारात."

बराच वेळ फोन वाजलाच नाही. मग बोहुमिल झेलेंकाचा आला. पोल्का कमी वाजवते म्हणून वर्षानुवर्षं भांडणारा माणूस.

"चालू स्थितीत आहे का गं?"

"ऐकतोयस ना? मग आहे की."

"माझी क्रेन घे बदल्यात, टॉवर उभा करायला. मी स्वतः येईन चालवायला. पण पोल्का अर्ध्या तासाने वाढव."

"पंधरा मिनिटं."

"चिंगूस बापाची चिंगूस लेक," म्हणत त्याने खुशीत फोन ठेवला.

मग रीघच लागली. धान्याच्या सहकारी संस्थेने मागच्या अंगणात पडून असलेला पोलादी मनोरा देऊ केला, गावातले वेल्डिंग करणारे दोघे भाऊ येतो म्हणाले. आर्लिसचं मन भरून आलं, पण 'वस्तू गेली' हे तिच्या तोंडून निघेना. मनोरा उभा राहील, पण खुर्चीत रोज बसायचं तिलाच होतं. गुडघे तिचेच दुखत होते.

शेवटचा फोन वृद्धाश्रमातून होता, रुझेना हाविर्लांदचा. गावातली सगळ्यांत म्हातारी बाई.

"पोरी, माझ्याकडे द्यायला काही उरलं नाही बघ. पण माझ्या आईबापाची नावं तुझ्या वडिलांनी वाचली, नवऱ्याचं तू वाचलंस. माझंही तूच वाचायचंस. तोवर बंद करू नकोस."

"तोवर म्हणजे केव्हापर्यंत, रुझेनाकाकू?"

"मला काही घाई नाही बाई."

आर्लिस हसली, डोळे पुसले, आणि माइक जवळ ओढला.

"ते रेडिओ स्टेशन," ती म्हणाली. "वस्तू गेली. फोन करू नका."