हुडकेश्वरचा 'सेवा झाली' शिक्का

मी एक जुना रबरी शिक्का आहे. वर लाकडी मूठ, खाली दोनच शब्द, 'सेवा झाली'. मित्रांनो, माझ्याकडून फार हळहळ ऐकायला मिळेल असं समजू नका. वर्षानुवर्षं डोकं आपटून घेतलं की मन बधिर होतं.

सीताबर्डीच्या एका बोळात मला घडवलं आणि हुडकेश्वरकडच्या एका सरकारी हायस्कूलमध्ये आणलं. या शाळेची रीत निराळी. नववीतल्या प्रत्येकाने शनिवारी वस्तीतल्या एखाद्या एकट्या म्हाताऱ्या माणसाकडे जायचं, औषधपाणी बघायचं आणि सोमवारी सेवाकार्ड पुढे करायचं. गिरिधर सर आधी विचारत, "आजी काय म्हणाल्या?" उत्तर नीट आलं तरच मी उमटायचो. तेव्हा मला स्वतःचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू?

यंदा फेब्रुवारीत तपासणी आली. कार्डं भरलेली हवीत, असा वरून निरोप होता. सरांनी एका दुपारी एप्रिलअखेरपर्यंतचे सगळे शनिवार उरकून टाकले. सर मनाचे वाईट नाहीत, पण नोकरीपुढे भल्याभल्यांची मान वाकते. मी उमटत राहिलो. काहीच वाटलं नाही. आणि शिक्के आधीच मिळाल्यावर शनिवारी जातंय कोण?

नंदिनी नावाची मुलगी पार्वतीबाई आजींना दवाखान्यातून रक्तदाबाच्या गोळ्या आणून द्यायची. तीही जायची थांबली. चार आठवड्यांनी आजी उन्हातून, भिंती धरत धरत, शाळेत आल्या.

"पोरगी बिमार हाय का जी? चार हप्ते झाले, आली नाही."

सरांना खरं ठाऊक होतं. तरी त्यांनी कार्ड पुढे केलं. "आली ना आजी. हे पहा शिक्के."

आजींना वाचता येत नव्हतं. त्यांनी कागदावर उमटलेल्या मला बोट लावलं.

"शिक्का हाय म्हणजे आली असन. मीच विसरली. मंग गोळ्याही घेतल्याच असन मी."

नंदिनी दारात उभी होती. "नाही आजी, तुम्ही नाही विसरल्या. मीच आली नाही," म्हणाली आणि रडायला लागली.

"रडून काहून राहिली वं? बिमार नाही ना तू? झालं मंग."

नंदिनी दप्तर तिथेच टाकून आजींना दवाखान्यात घेऊन गेली. सर खोडरबराने कार्डावरून मला पुसत बसले. कागद विरला, मी निघालो नाही. मग त्यांनी मला खणात टाकलं. त्याचंही दुःख झालं नाही. आजींच्या त्या बोटाची मात्र लाज वाटते.

मित्रांनो, मला जपू नका, झिजलो तर झिजू द्या. पण कागदावर मी दिसलो, तरी एकदा त्या घरी जाऊन विचारा. आणि घरातलं माणूस "मीच विसरली असन" म्हणालं, तर त्याच्यावर नाही, माझ्यावर शंका घ्या.