गिळलेले नऊ आकडे

मी सभागृहातला काळा फळा बोलतोय. संगणकशास्त्र विभागात माझ्यावर कायम पांढरा पडदा सोडलेला असतो, म्हणून मला अडगळ समजतात. समजोत. पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांची सादरीकरणं मी वीस वर्षं त्या पडद्यामागून ऐकली आहेत आणि छातीठोकपणे सांगतो, पडद्यावर दिसतं ते निवडलेलं असतं.

इथली रीतच तशी. प्रोग्राम दहा वेळा चालवायचा, अचूकतेचा सगळ्यात चांगला आकडा दाखवायचा आणि उरलेले नऊ गिळून टाकायचे. ढेकरसुद्धा द्यायचा नाही.

काल एका मुलीचं शेवटचं सादरीकरण होतं. छातीचा एक्स-रे पाहून आजार ओळखणारा तिचा प्रोग्राम. सुरू होण्याआधी मार्गदर्शक सर तिला म्हणाले, "ते दहा आकड्यांचं पान काढून टाक."

"पण सर, चौऱ्याण्णव टक्के एकदाच आलेत."

"आलेत ना? मग झालं. तुला पदवी हवीय की खरेपणाचं बक्षीस?"

तिनं पान काढलं. मी तिला दोष देत नाही. पाच वर्षांची मेहनत सरांच्या आणि परीक्षकांच्या सह्यांवर टांगलेली होती.

सादरीकरण झालं, टाळ्या पडल्या. बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी विचारलं, "प्रोग्राम किती वेळा चालवून पाहिलास?"

"बऱ्याचदा," सर खुर्चीतूनच म्हणाले.

"मी तिला विचारतेय."

मुलगी माझ्याकडे वळली. मग तिनं पडद्याला हिसका दिला आणि तो सरसर वर गेला. खडूसाठी टेबलाचे दोन खण उपसावे लागले. तिनं माझ्यावर दहाही आकडे लिहिले. एकाहत्तर, अडुसष्ट, चौऱ्याण्णव, सत्तर... अक्षर स्वच्छ.

"पुस ते," सर म्हणाले.

"पुसते, सर. बाईंचं उतरवून होऊ दे."

बाईंनी उतरवून घेतलं. सही मात्र केली नाही. दहाही आकडे प्रबंधात घाल, मग ये, म्हणाल्या. पदवी सहा महिने लांबली. सरांनी तिच्याशी बोलणं टाकलं. खरं बोलण्याचा दंड इथे खरं बोलणाराच भरतो, हे मी पाहिलं, पण खपवून घेणार नाही.

आज शिपाईमामांनी मला ओल्या फडक्यानं पुसलं. पुसा खुशाल. फक्त मला झाकू नका.

पुढच्या सोमवारी ज्या दोघांची सादरीकरणं आहेत, ते दुपारी मामांकडे खडू मागायला आले.

"का रे, पडदा बिघडलाय का?"

"नाही मामा, पडद्यावर सगळं मावत नाही."